टाळूचा ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा: पाच वर्षांचा आकडा धरायचा की पंधरा वर्षांचा?

कळवा_नाका (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे पॅथॉलॉजी, रेडिएशन आणि आकडेवारीतले जाणकार आहेत, म्हणून प्रश्न सविस्तर टाकतो.

रुग्ण: आत्या, वय ५४, मधुमेह-बीपी नाही, तंबाखू-मिश्री कधीच नाही. डाव्या बाजूच्या कडक टाळूवर गाठ. शस्त्रक्रिया झाली (डावी इन्फ्रास्ट्रक्चर मॅक्सिलेक्टॉमी, म्हणजे वरच्या जबड्याचा खालचा भाग काढला), सध्या तात्पुरता ऑब्चुरेटर (टाळूचं भोक झाकणारी कवळी) बसवलाय. रिपोर्टमधल्या मुख्य ओळी अशा: ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा (एसीसी, लाळग्रंथींचा एक कॅन्सर), २.८ सेंमी, क्रिब्रिफॉर्म (चाळणीसारखी नक्षी) आणि ट्यूब्युलर (नळ्यांसारखी), सॉलिड (भरीव) भाग अंदाजे १०%. पेरिन्यूरल इन्व्हेजन (नसांभोवती शिरकाव) आहे. लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन (रक्त-लसिकावाहिन्यांत शिरकाव) नाही. सगळ्या कडा मोकळ्या, सर्वांत जवळची मागची कडा ३ मिमी. छातीच्या सीटीत उजव्या फुप्फुसात दोन बारके नोड्यूल (गाठीसारखे ठिपके), ४ आणि ५ मिमी, 'इनडिटरमिनेट' (नक्की काय ते सांगता येत नाही).

प्रश्न:

१. वाचलेल्या लेखांत पाच वर्षांचं सर्व्हायव्हल ७० ते ९०%, दहा वर्षांचं ५० ते ७०%, पंधरा वर्षांचं ४०% च्या आसपास दिसतं. एवढी घसरण असेल तर 'हळू वाढणारा, चांगला कॅन्सर' असं का म्हणतात? नेमका कुठला आकडा धरायचा?

२. कडा मोकळ्या आहेत, तरी शेक (रेडिएशन) घ्यायलाच हवा का?

३. नोड्यूलबाबत 'तीन महिन्यांनी परत सीटी' एवढंच सांगितलंय. हे हातावर हात ठेवून बसणं तर नाही ना?

४. घरातल्यांचा केमोसाठी आग्रह आहे. त्यांना काय सांगावं?

---

काचपट्टी

आधी रिपोर्टपुरतं बोलतो, कारण पुढचे सगळे आकडे त्यावरच टेकलेत.

सॉलिड किती टक्के, ही या आजारातली सर्वांत महत्त्वाची ओळ. जुनी आणि अजूनही वापरात असलेली पद्धत अशी: सॉलिड अजिबात नाही तर ग्रेड १, ३०% पर्यंत ग्रेड २, त्याच्या वर ग्रेड ३. म्हणजे तुमचा ग्रेड २. अलीकडे सॉलिड भाग थोडा जरी असला तरी तो वेगळा नोंदवावा असा आग्रह आहे, कारण तेवढ्यानेही पुढची वाट बदलू शकते. पण '१०%' हा नजरेने केलेला अंदाज असतो. एका पॅथॉलॉजिस्टचे १० दुसऱ्याचे २० होतात. २८ मिमीच्या गाठीतून किती तुकडे घेतले, यावरही ते ठरतं. तेव्हा रिपोर्टच्या 'ग्रॉस' (नुसत्या डोळ्यांनी केलेल्या वर्णनाच्या) भागात गाठीचे किती सेक्शन घेतलेत ते बघा. एक-दोनच असतील तर उरलेल्या नमुन्यातून आणखी घ्यायला सांगता येतं. नमुना फॉर्मॅलिनमध्ये काही आठवडे ठेवलेला असतो, कायम नाही. हे काम याच आठवड्यात करा.

दुसरं म्हणजे निदान पक्कं आहे का. टाळूवर याच्यासारखी दिसणारी दुसरी गाठ असते, पॉलिमॉर्फस ॲडेनोकार्सिनोमा. तिलाही नसांभोवती फिरायची सवय आहे आणि तिच्यातही क्रिब्रिफॉर्म नक्षी दिसते, पण एकंदर वागणूक बरीच सौम्य. फरक करायला पी६३ आणि पी४० हे दोन्ही डाग (पेशींतली प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या चाचण्या) एकत्र बघतात. एसीसीत बाहेरच्या मायोएपिथेलियल पेशी दोन्हीला पॉझिटिव्ह येतात, पॉलिमॉर्फसमध्ये पी६३ पॉझिटिव्ह आणि पी४० निगेटिव्ह असा जोड मिळतो. सीडी११७ (म्हणजेच केआयटी) एसीसीत आतल्या पेशींवर येतो. त्यावरून 'केआयटीवरची गोळी चालेल' असं कुणी म्हणालं तर सोडून द्या, इमॅटिनिब इथे वापरून झालंय आणि कामाला आलेलं नाही.

एमवायबी जनुकाची फिश चाचणी होते. गुणसूत्र ६ आणि ९ यांच्यात अदलाबदल होऊन एमवायबी-एनएफआयबी हे जोडजनुक बनतं. २००९ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी ते दाखवलं. निम्म्याहून जास्त एसीसींत ते सापडतं. पॉझिटिव्ह आली तर निदानावर शिक्का, पण निगेटिव्ह आली म्हणून एसीसी नाही असं होत नाही. काहींत एमवायबीऐवजी त्याचा भाऊबंद एमवायबीएल१ असतो. रिपोर्ट एकाच ठिकाणचा असेल तर स्लाइड रिव्ह्यू (दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून फेरतपासणी) कराच. परळला टाटा मेमोरियलमध्ये किंवा खारघरला टाटाच्याच ॲक्ट्रेक केंद्रात नाव नोंदवणार असाल तर ते तसंही ब्लॉक-स्लाइड मागतातच.

ब्लॉक मागताना नुसतं 'सगळं द्या' म्हणू नका. प्रत्येक ब्लॉकवर क्रमांक असतो (ए१, ए२, बी१ असा), रिपोर्टच्या शेवटी त्याची यादी असते. यादीशी ताडून घ्या आणि सही घ्या. ब्लॉक म्हणजे मेण. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवाल तर ठाण्याहून खारघरला पोचेपर्यंत कडा वितळलेल्या असतील.

पेरिन्यूरलबद्दल: एसीसीत निम्म्या किंवा त्याहून जास्त रिपोर्टांत ते असतंच, त्यामुळे नुसतं 'आहे' यावरून फारसं कळत नाही. विचारायचं ते हे, की गाठीतल्याच बारीक नसांभोवती आहे, की नाव असलेल्या मोठ्या नसेत? टाळूच्या बाबतीत ती नस म्हणजे ग्रेटर पॅलटाइन. तिची कापलेली कडा वेगळी तपासली का? तुमची जवळची कडा नेमकी मागची आहे आणि ही नस मागूनच वर जाते, म्हणून हा प्रश्न सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट दोघांनाही विचारा. वरच्या जबड्याच्या हाडात शिरकाव आहे का, तेही. टाळूच्या बारक्या लाळग्रंथींची गाठ तोंडाच्या कॅन्सरच्या नियमांनी स्टेज करतात, आणि तिथे हाड लागलं की टी (स्टेजमधला गाठीचा भाग) बदलतो.

---

वक्ररेषा

प्रश्न १ वर.

शोधताना एक काळजी घ्या. 'एसीसी' एवढंच टाइप केलंत तर ॲड्रिनल ग्रंथीच्या कॅन्सरचे आकडेही समोर येतात, आणि ते याहून खूप वाईट आहेत. या गोंधळात घरं हादरलेली पाहिलीत.

आता रेषा कशी वाचायची. समजायला सोपे म्हणून गोल आकडे घेऊ: १०० रुग्णांपैकी पाच वर्षांनी ८०, दहा वर्षांनी ६०, पंधरा वर्षांनी ४०. आता दुसऱ्या बाजूने बघा. पाच वर्षं पार केलेल्या ८० पैकी ६० जण दहाव्या वर्षाला पोचले, म्हणजे ७५%. दहा पार केलेल्या ६० पैकी ४० पंधराव्याला पोचले, म्हणजे साधारण ६७%. पहिल्या पाच वर्षांत मात्र ८०% पोचले होते. थोडक्यात, जितका काळ उलटेल तितका धोका कमी होत जातो हा नेहमीचा हिशेब इथे लागू पडत नाही. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या स्क्वामस कॅन्सरमध्ये बहुतेक उलटाव (आजार परत येणं) पहिल्या दोन-तीन वर्षांत होतात. पाचव्या वर्षी डॉक्टर हात मिळवून सांगतात, आता सुटलात. एसीसीत पाचव्या वर्षी तसं कुणी सांगितलं तर त्याने हा आजार फारसा हाताळलेला नाही. रेषा सपाट होत नाही, सावकाश उतरत राहते.

म्हणून 'चांगला कॅन्सर' आणि 'वाईट कॅन्सर' ही दोन्ही विशेषणं अर्धवट. पाच वर्षांचा आकडा या आजाराची गती सांगतो, तो बरा झाला की नाही हे सांगत नाही. बरं होण्याबद्दल काही बोलायचं तर दहा-पंधरा वर्षांचाच आकडा हवा. आत्यांचं वय ५४, म्हणजे तो आकडा त्यांना लागू होणारा आहे. ७८ वर्षांच्या माणसाला कदाचित नसता.

पण पंधरा वर्षांच्या आकड्यात चार त्रुटी असतात.

एक, त्यात इतर कारणांनी गेलेलेही मोजलेले असतात. 'ओव्हरऑल' (कुठल्याही कारणाने) आणि 'डिसीज-स्पेसिफिक' (फक्त या आजाराने) या दोन रेषा वेगळ्या. सरासरी वय साठीचं असलेल्या गटात पंधरा वर्षांत हृदयविकारानेही माणसं जातात. लेखात कुठली रेषा आहे ते आधी बघा. सरमिसळ करून तुलना करणारे लेख मराठीत तर भरपूर आहेत.

दोन, पंधरा वर्षांचा आकडा ज्यांच्यावरून काढला त्यांच्यावर उपचार त्याहून जुने. आजच्या एमआरआय आणि आयएमआरटी (गाठीच्या आकाराला बसवलेलं रेडिएशन) यांच्या पूर्वीचे रुग्ण त्यात असतात.

तीन, शेपटी. आलेखाच्या उजव्या टोकाला अजून देखरेखीत असलेले रुग्ण किती उरले, हा आकडा रेषेखाली छापलेला असतो. तिथे ११ उरले असतील तर एका माणसाच्या जाण्याने रेषा नऊ टक्क्यांनी कोसळते. त्या टोकावरून भविष्य बघू नका.

चार, आणि हे सर्वांत मोठं: जागांची खिचडी. स्तनातल्या एसीसीचं दहा वर्षांचं सर्व्हायव्हल ९०% च्या वर असतं. श्वासनलिका, सायनस, अश्रुग्रंथी इथले निकाल वाईट, कारण तिथे कडा मोकळ्या मिळणंच अवघड. टाळू यांच्या मधे कुठेतरी. सगळ्या जागा एकत्र करून काढलेली सरासरी कुणाच्याच कामाची नाही.

याशिवाय एक बारकावा. मानेच्या लसिकागाठींना लागण होण्याचं प्रमाण या आजारात कमी, साधारण दहातल्या एकाला. त्यामुळे 'मानेच्या गाठी निगेटिव्ह' ही ओळ वाचून जो दिलासा स्क्वामस कॅन्सरमध्ये मिळतो तेवढा इथे घेऊ नये. हा आजार लसिकेपेक्षा नसांवाटे आणि रक्तावाटे सरकतो. दूर पसरण्याचं प्रमाण दीर्घकाळ देखरेख ठेवलेल्या गटांत ४० ते ५०% पर्यंत जातं, आणि सर्वांत जास्त ते फुप्फुसात.

आत्यांच्या बाजूने काय आहे: वय, सॉलिड कमी, कडा मोकळ्या, जागा शस्त्रक्रियेच्या आवाक्यातली. विरुद्ध काय आहे: ३ मिमी (पाचच्या खालची कडा 'क्लोज' धरतात), पेरिन्यूरल, आणि ते दोन नोड्यूल. तिसऱ्याचा उलगडा झाल्याशिवाय टक्केवारी सांगणं म्हणजे नुसता अंदाज ठोकणं.

---

पाचपाखाडी

माझं मत: फार विचार करू नका, दर सहा महिन्यांनी पूर्ण अंगाचं पेट स्कॅन करा, सगळं कळतं. आणि केमो घेऊन टाका, राहून गेलं असं नको व्हायला.

---

नेरूळ_पूर्व

@पाचपाखाडी, दोन्ही सल्ले या आजाराला बसत नाहीत. नेहमीचं पेट साखर खाणाऱ्या पेशी दाखवतं. एसीसी इतका संथ असतो की बऱ्याचदा तेवढी साखर ओढत नाही, आणि ४-५ मिमीचा नोड्यूल तसाही पेटच्या ताकदीबाहेर. पेट 'नॉर्मल' आलं की घरचे निर्धास्त होतात, हा खरा धोका. फुप्फुसासाठी १ मिमीच्या कापांचा साधा सीटी, नसांसाठी एमआरआय. केमोबद्दल जाणकार सांगतीलच.

@कळवा_नाका, प्रश्न २. कडा मोकळ्या असल्या तरी रेडिएशन द्यायचंच, असं मी या रिपोर्टवर म्हणेन. एसीसी नसेच्या आवरणातून सरकतो आणि मधे मोकळी जागा सोडून पुढे सापडू शकतो. त्यामुळे कापलेल्या कडेवर पेशी नाहीत, यावरून वर कवटीच्या तळाकडे नाहीत असं ठरत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या रेडिएशनने त्याच जागी उलटण्याचं प्रमाण कमी होतं, यावर बहुतेकांचं एकमत आहे. आयुष्य किती वाढतं, यावर मात्र अभ्यास एकमुखी नाहीत, कारण आयुष्य बऱ्याचदा फुप्फुसातला आजार ठरवतो. तरी कवटीच्या तळाशी, डोळ्यामागे उलटलेला आजार जगणं असह्य करतो. तो टाळणं हेच पुरेसं कारण आहे.

डोस साधारण ६० ते ६६ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे ३० ते ३३ बैठका, सहा ते साडेसहा आठवडे. शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं असं बघतात. मागोवा उलटा धरा: प्लॅनिंग सीटी, मास्क आणि आखणी यात आठवडा ते दहा दिवस जातात. त्याआधी दात. जे दात टिकणारे नाहीत ते काढायचे तर जखम भरायला किमान दोन आठवडे हवेत. म्हणजे टाके निघाले की पहिली फेरी दंतवैद्याकडे. इथेच बहुतेकांचं वेळापत्रक घसरतं: रिपोर्टची वाट बघण्यात तीन आठवडे जातात आणि मग दात काढल्यामुळे सुरुवात आठव्या-नवव्या आठवड्यावर जाते. रेडिएशननंतर त्या हाडातला दात काढला तर जखम न भरता हाड मरण्याची भीती आयुष्यभर राहते, म्हणून ही पायरी गाळता येत नाही.

आखणीत काय बघायचं: नुसत्या खळग्याला डोस नको. ग्रेटर पॅलटाइन नसेचा मार्ग, टेरिगोपॅलटाइन फोसा (जबड्यामागची खाच) आणि तिथून फोरामेन रोटंडमपर्यंत (नस कवटीत शिरते ते छिद्र), गरज पडल्यास पुढे कवटीतल्या कॅव्हर्नस सायनसपर्यंत. हे धरलंय का, असं सरळ विचारा. रेडिएशनचे डॉक्टर याला चिडत नाहीत, उलट पडद्यावर रंगवलेली रेषा दाखवतात. आखणीआधी एमआरआय नसेल तर करून घ्या: काँट्रास्टसह, फॅट-सॅचुरेशनसह, आणि काँट्रास्टपूर्वीचं साधं टी१ही हवंच, कारण फोसामधली पांढरी चरबी पुसली गेलीय का हे त्यातच दिसतं. 'ब्रेन एमआरआय' लिहून दिलेल्या चिठ्ठीवर केंद्रवाले पाच मिमीचे जाड काप काढून देतात, त्याचा काही उपयोग नाही. चिठ्ठीवर 'फेस आणि स्कल बेस, थिन सेक्शन, पेरिन्यूरल स्प्रेड' असं स्पष्ट लिहून घ्या. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट बरोबर ठेवा.

ऑब्चुरेटर: मास्क करताना तो तोंडात असेल तर रोज उपचाराला तोच, तसाच बसवून झोपायचं. एक दिवस विसरला तर खळग्यातली हवा बदलते आणि डोस हलतो. मधे तो घासून लहान-मोठा करायची वेळ आली, तर परस्पर करू नका, आधी रेडिएशन विभागाला सांगा.

प्रोटॉन: खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये २०२३ पासून सुरू आहे. कवटीच्या तळाजवळ मेंदूचा देठ, डोळ्याची नस आणि पलीकडची लाळग्रंथी वाचवण्यात त्याचा फायदा होऊ शकतो, आणि रुग्ण पंधरा-वीस वर्षं जगणार असेल तर त्या वाचवण्याला किंमत आहे. पण प्रत्येक केस त्यात बसत नाही, रांगही असते. सहा आठवडे टळत असतील तर चांगलं आयएमआरटी वेळेवर घेतलेलं बरं. कार्बन आयन भारतात नाही. जपान, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया इथे आहे, आणि त्याचा वापर मुख्यतः शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या गाठींसाठी.

त्रास साधारण तिसऱ्या आठवड्यापासून वाढतो. तोंड सोलवटतं. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून सहा-आठ चुळा, अल्कोहोलवालं माउथवॉश नको. वजन दर सोमवारी त्याच काट्यावर. तोंड उघडण्याचा व्यायाम पहिल्या दिवसापासून: आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्यांची चळत दातांमध्ये ठेवायची, किती काड्या मावतात ते वहीत लिहायचं, आठवड्याला एक वाढवायची. पुढच्या दातांतलं अंतर ३५ मिमीच्या खाली गेलं की त्याला ट्रिसमस म्हणतात, आणि एकदा आखडलेला स्नायू नंतर सहजासहजी सुटत नाही. मॅक्सिलेक्टॉमीत हे बऱ्याचदा होतं, कारण चावण्याचे स्नायू जिथे चिकटतात त्याच भागाजवळ कापलेलं असतं. तोंड आखडलं की ऑब्चुरेटर आत जात नाही, आणि मग खाल्लेलं नाकातून येतं. दात आहेत त्यांना फ्लोराइड जेल, साच्यात घालून रोज ५ मिनिटं, कायमचं.

कवटीच्या तळाला डोस गेला असेल तर पिट्युटरी (मेंदूखालची हार्मोनांची ग्रंथी) हीसुद्धा थोडीफार भाजते. दोन-चार वर्षांनी थकवा, थंडी सोसेनाशी होणं असं काही आलं तर 'वय झालं' म्हणू नका, हार्मोन तपासा. फक्त टीएसएच पाहून चालत नाही. पिट्युटरी मंदावली की टीएसएच नॉर्मल दिसून टी४ खाली असू शकतो.

कळव्याहून रोजचं यायचं असेल तर ठाण्याला येऊन ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल, थेट खारघर. कॅन्सर रुग्णाला दिव्यांगांच्या डब्यातून प्रवासाची मुभा आहे, कागद जवळ ठेवा.

---

कळवा_नाका

खूप आभार. दातांचं अजून कुणीच बोललं नव्हतं, उद्याच नंबर लावतो. ग्रॉसमध्ये गाठीचे पाच सेक्शन लिहिलेत. नसेची वेगळी कडा दिसत नाही, विचारतो.

नोड्यूल आणि केमोचं राहिलंच. समजा तीन महिन्यांनी ४ चे ५ झाले, तर?

---

औषधपेटी

तर अजून काहीच सिद्ध होत नाही. गंमत अशी, की व्यास ४ वरून ५ वर गेला की घनफळ जवळजवळ दुप्पट होतं (१.२५ चा घन १.९५). ८ चे १० झाले तरी तेच. पण एवढ्या बारक्या नोड्यूलवर मोजणाऱ्याच्या हातातच एक-दीड मिमीची चूक असते. श्वास किती भरला, काप किती जाड, यावर आकडा हलतो. म्हणून दोन सीटींची तुलना करताना यंत्र तेच, काप तेच, आणि शक्यतो वाचणाराही तोच. फिल्म पुरेशी नाही, सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ प्रतिमा मागा. नव्या सीटीची तुलना नेहमी सर्वांत जुन्या सीटीशी करायला सांगा. फक्त मागच्याशी केली तर दर वेळी 'फारसा बदल नाही' असंच येतं, आणि तीन वर्षांत दुप्पट झालेली गाठ कुणाच्या लक्षात येत नाही. एसीसीच्या पाठपुराव्यात सर्वांत जास्त घडणारी चूक हीच.

शिवाय आपल्याकडे ४-५ मिमीचे नोड्यूल जुन्या टीबीचे, बुजलेल्या जखमांचे पुष्कळ असतात. कॅल्शियम आहे का ते सीटीतच दिसतं. इतक्या लहान नोड्यूलला सुई घालणं सहसा जमत नाही, आणि जमलं तरी निकाल भरवशाचा नसतो. आणि महत्त्वाचं: या नोड्यूलसाठी टाळूचं रेडिएशन थांबवायचं नाही. अगदी ते पसरलेले निघाले तरी टाळूची जागा ताब्यात ठेवायची असते, कारण फुप्फुसात एसीसी घेऊन माणसं कित्येक वर्षं, काही जण दहा वर्षांहून अधिक, कामधंदा करत जगतात.

पसरलेलं आहे असं ठरलंच, तर पहिला प्रश्न 'किती वेगाने' हा असतो. औषध कुठलं, ते नंतर. मोजक्या गाठी, मूळ शस्त्रक्रियेनंतर तीनेक वर्षं उलटून आलेल्या, आणि सगळ्या काढता येण्यासारख्या असतील तर फुप्फुसाची शस्त्रक्रिया किंवा नेमकं रेडिएशन (एसबीआरटी) यांचा विचार होतो. अनेक बारक्या, न वाढणाऱ्या, त्रास न देणाऱ्या असतील तर फक्त देखरेख. घरच्यांना हे पटवणं अवघड जातं, मान्य. त्यांना एवढं सांगा: औषधाने गाठ पुसली जात नसेल आणि गाठ स्वतःहून त्रास देत नसेल, तर आज सुरू केलेल्या औषधाचा त्रास तेवढा आजपासून सुरू होतो.

आता केमो. शस्त्रक्रियेनंतर 'खबरदारी म्हणून' केमो दिल्याने एसीसीत फायदा होतो असं सिद्ध नाही. पेशी विभागतातच सावकाश, आणि नेहमीची केमो विभागणाऱ्या पेशींवर चालते. पसरलेल्या आजारातही प्रतिसाद तुटपुंजा. इम्युनोथेरपीचंही तेच.

वाढत्या, पसरलेल्या आजारात सध्या गोळ्यांपैकी रक्तवाहिन्या रोखणाऱ्या वापरतात. लेन्व्हॅटिनिबचा २०१९ चा अमेरिकेतला अभ्यास: ३२ रुग्णांपैकी ५ जणांत गाठी निकषाइतक्या घटल्या, आणि आजार पुढे सरकेपर्यंतचा मध्य काळ साडेसतरा महिने. सुरुवातीचा डोस दिवसाला २४ मिग्रॅ, पण बहुतेकांना तो कमी करावा लागला: रक्तदाब, थकवा, लघवीतून प्रथिनं. कोरियातला ॲक्सिटिनिबचा अभ्यास (२०२१) जास्त बोलका वाटतो, कारण त्यात दुसऱ्या गटाला नुसत्या देखरेखीवर ठेवलं होतं. सहा महिने आजार न वाढता राहिलेले: औषधावर ७३%, देखरेखीवर २३%. आणि त्याच अभ्यासात औषधाच्या गटात एकाचीही गाठ निकषाइतकी लहान झाली नाही! म्हणजे या गोळ्या आजार थोपवतात, तो आटवतात क्वचितच. दोन्ही अभ्यासांत घेतलेले रुग्ण आधीच वाढ दिसत असलेले होते. शांत आजारावर हे आकडे लावू नयेत.

नॉच१ जनुकातला बदल असलेली एसीसी वेगाने जाते, सॉलिड असते, आणि यकृत-हाडांकडे वळते. ती चाचणी आत्ता नको. पसरल्याचं ठरलं तर करा, त्यासाठीच ब्लॉक जपून ठेवायचे. हाडांत गेलेला आजार फुप्फुसातल्यापेक्षा वाईट वागतो. म्हणून पुढे कधी पाठीचं दुखणं रात्री वाढू लागलं, तर तेल चोळत महिनाभर घालवू नका, कण्याचा एमआरआय.

आणि कुणी गुळवेलचा काढा सुचवेलच. गुळवेलमुळे यकृताला इजा झाल्याच्या केसेस मुंबईतूनच प्रसिद्ध झाल्यात. पुढे गोळी सुरू करायची वेळ आली तर यकृत ठणठणीत लागेल.

---

वक्ररेषा

@औषधपेटी, जुन्या सीटीशी तुलनेच्या मुद्द्याला +१. एक साधी वही करा: तारीख, नोड्यूल कुठला, लांबी × रुंदी, कापाची जाडी, केंद्र. चार नोंदी झाल्या की दुप्पट व्हायला किती महिने लागतात ते काढता येतं. तो आकडा छापील सर्व्हायव्हलपेक्षा आत्यांबद्दल जास्त सांगेल.

---

कळवा_नाका

शेवटचं: रेडिएशन संपल्यावर एमआरआय कधी आणि किती वर्षं?

---

नेरूळ_पूर्व

पहिला, पुढच्या तुलनेचा पाया म्हणून, रेडिएशन संपल्यावर साधारण तीन महिन्यांनी. त्याआधी केला तर सूज आणि आजार वेगळे ओळखता येत नाहीत. मग पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी, पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, पुढे दरवर्षी. चेहरा आणि कवटीच्या तळाचा एमआरआय सुरुवातीला सहा महिन्यांनी, नंतर वर्षाला. छातीचा सीटी वर्षाला. शेवटची तारीख नाही.

मधल्या काळात डावा गाल, वरचा ओठ किंवा वरच्या हिरडीला बधिरपणा, मुंग्या, चटका असं काही नव्याने आलं तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. शस्त्रक्रियेनंतर तिथे थोडी बधिरता राहतेच, म्हणून आत्ताच आरशासमोर कापसाच्या बोळ्याने हद्द तपासा आणि वहीत चेहऱ्याचं चित्र काढून रेघ मारून ठेवा. पुढे ती रेघ नाकाच्या बाजूने डोळ्याखालच्या भागाकडे सरकली तर एमआरआयच्या चिठ्ठीवर तेही लिहून घ्या, म्हणजे वाचणारा डोळ्याखालच्या नसेचा फोरामेन रोटंडमपर्यंतचा मार्ग मुद्दाम बघेल.